समोरच्या ब्लॉकमधलं वैदिक गणित

माझ्या धाकट्या जावेला दहावीला गणितात बेचाळीस मार्क होते. हे मी कुठून उकरून काढलेलं नाही. तिनेच सांगितलं, लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात, माझ्यासमोर बसून गवार मोडताना, आणि वर खुदकन हसली. मी नाही हसले. मी गणितात बी.एस्सी., बी.एड. डोंबिवलीतल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायचे आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायचे. ज्या विषयावर मी उभी आहे त्यात बेचाळीस पडले म्हणून एखादीला हसू कसं येतं, तेच मला कळेना. आणि बघा, हीच बाई पुढे काही वर्षांत आमच्या सगळ्या भागात ‘गणिताच्या बाई’ झाली. मी नाही. ती!

आम्ही मानपाडा रोडच्या आत एका बिल्डिंगमध्ये राहायचो. ऐंशी सालानंतर तिकडे शेतं भराभर बुजवून बिल्डिंगी उठत होत्या, त्यातलीच एक. माझे मिस्टर आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघेही एमआयडीसीत कामाला, म्हणून दोघांनी मिळून एकाच मजल्यावर समोरासमोर ब्लॉक घेतले. दारं दिवसभर उघडी असायची. माझी आमटीची वाटी तिकडे, तिचं लोणचं इकडे. ती नौपाड्याची, अस्सल ठाणेकर, आणि ठाण्याची माणसं डोंबिवलीला यायचं म्हणजे पंचक्रोशी सोडून कुठे दूर गावाला आल्यासारखी वागतात. तिनेही सुरुवातीला तेवढं केलंच. पाण्याच्या टँकरमागे बादल्या घेऊन पळायची वेळ आली तेव्हा कुठे ती आमच्यातली झाली. संस्कृतात एम.ए. होती. आवाज गोड, रंग गोरा, बोलणं लाघवी. मला ती आवडायची, खरंच सांगते. गणितात येईपर्यंत आवडायची.

आता माझी मुलगी. ती तेव्हा सहावीत होती. शिकवणीची मुलं गेली की रोज संध्याकाळी ती गणिताची वही घेऊन माझ्यासमोर पाटावर बसायची. दिवसभर शाळेत दुसऱ्यांच्या पोरांवर घसा फोडून मी थकलेली असायचे, कुकर लावायचा असायचा, पण तो वेळ माझा होता. मला माझ्या वडिलांनी असंच बसवलं होतं. आमचं माहेर कल्याणचं. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. सकाळी अंगणात दात घासता घासता ते माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. नुसते तीसपर्यंतचे नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचेही पाढे. ते सगळं माझ्या जिभेवर होतं. मुलीला मी ते सगळं देणार होते. दुसरं माझ्याकडे द्यायला होतंच काय? दागिने बेतास बात, स्वयंपाक कसाबसा. तिने रोज माझ्यापाशी बसावं आणि माझं गणित घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

मुलगी बसायची, पण रडायची. हेही सांगून टाकते. सतरा साते म्हटलं की डोळे भरायचे. मी ओरडायचे. ओरडल्याशिवाय पाढे पाठ होत नाहीत असं माझं तेव्हा मत होतं आणि अजूनही थोडं आहे.

एका एप्रिलमध्ये जाऊ माहेरी गेली. ठाण्यात कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये वैदिक गणिताचं शिबिर होतं. तिच्या वहिनीला सोबत हवी होती म्हणून ही गेली. परत आली ती उड्या मारत. बॅग दारात टाकली आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात.

“वहिनी, वहिनी, अठ्ठ्याण्णव गुणिले सत्त्याण्णव करा बघू.”

मी पोळी तव्यावर टाकत म्हटलं, “नऊ हजार पाचशे सहा.”

तिचं तोंड एवढंसं झालं. “तुम्हाला येतं?”

“अगं, शंभराला दोन कमी, शंभराला तीन कमी. दोन आणि तीन पाच, शंभरातून पाच गेले पंच्याण्णव. दोन त्रिक सहा. पंच्याण्णव लिहायचे, पुढे शून्य सहा. माझे वडील मालधक्क्यावर असेच करायचे.”

“पण हे तर वैदिक आहे,” ती म्हणाली. “याचं सूत्र आहे संस्कृतात. निखिलम्.”

आता काय बोलणार! माझ्या वडिलांना शाळेत तोंडी हिशोब म्हणून शिकवलेली गोष्ट, आणि हिला ती तीन दिवसांच्या शिबिरात वेदातून मिळाली. मी पोळी उलटली.

मे महिन्यात तिने आपल्या ब्लॉकच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली, ‘वैदिक गणित’, आणि त्याभोवती रंगीत खडूने वेलबुट्टी. बिल्डिंगमधली मुलं आली, मग शेजारच्या बिल्डिंगमधली, मग रिक्षातून उतरून लांबची यायला लागली. मुलांच्या चपला तिच्या दारातून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून माझ्या उंबरठ्यापर्यंत. बाजारातून यायचे तर आपल्याच घरात शिरायला मला परक्यांच्या चपला पायाने सारायला लागायच्या. माझ्याकडे येणारी पोरं आईबापांनी ढकलून आणलेली असायची, दहावीच्या भीतीने पिवळी पडलेली. तिच्याकडची धावत यायची. आतून टाळ्या ऐकू यायच्या. गणिताच्या वर्गात टाळ्या! मी आयुष्यात कधी ऐकल्या नव्हत्या.

ती शिकवायची काय? पाचाने संपणाऱ्या संख्येचा वर्ग. पासष्टचा करायचा तर सहाला पुढच्या साताने गुणायचं, बेचाळीस, आणि पुढे पंचवीस चिकटवायचे, चार हजार दोनशे पंचवीस. अकराने गुणायचं तर दोन आकड्यांच्या मध्ये त्यांची बेरीज कोंबायची, त्रेचाळीसचे झाले चारशे त्र्याहत्तर. उभं-आडवं गुणून मोठे गुणाकार एका ओळीत. खोटं काहीच नव्हतं त्यात. सगळं बीजगणिताच्या पहिल्या धड्यातून सिद्ध होतं. मी तर फळ्यावर दोन मिनिटांत करून दाखवीन. पण मला कोण विचारतंय? बँकेच्या परीक्षेला बसणारी मोठी मुलं तिच्याकडे यायला लागली, स्कॉलरशिपवाल्यांच्या आया यायला लागल्या. जिन्यात एक बाई मला म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा थोडं शिकून घ्या हो जावेकडून, तुमच्या शाळेत उपयोग होईल.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

मी जळत होते. गोड शब्द कशाला शोधू? जळतच होते. मिस्टरांना सांगायला गेले तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “अगं, तिला जरा करमणूक. तुझं ते खरं गणित, तिचं आपलं खेळातलं. तू कशाला मनाला लावून घेतेस?” मी म्हटलं, “अहो, लोकांना फरक कळत नाही ना!” ते म्हणाले, “मग लोकांना सांग.” आणि पान उलटलं.

आणि मग माझी मुलगीही तिकडे गेली. वर्गाला गेली असती तर चाललं असतं. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली, वर्ग शनिवार-रविवारवर आला, तरी ही रोज संध्याकाळी वही घेऊन तिकडेच. मी हाक मारली की उत्तर यायचं, “झालं गं, काकूकडे केलं.” रडणं नाही, काही नाही. एकदा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, शहाण्णव गुणिले चौऱ्याण्णव विचार.” मी विचारलं. “नऊ हजार चोवीस!” तोंडातला घास न गिळता.

मी म्हटलं, “हे तुझ्या आजोबांना येत होतं. मला लहानपणापासून येतं.”

“मग तू मला का नाही शिकवलंस?”

शाळेत पायऱ्या दाखवाव्या लागतात, नुसत्या उत्तराला मार्क मिळत नाहीत, असं काहीतरी मी बोलले. वही ओढून शंभर वजा चार, शंभर वजा सहा असे कंस मांडले आणि हे का जमतं ते समजावायला लागले. दुसऱ्या ओळीला ती म्हणाली, “काकूचं सोपं आहे.” वही घेऊन उठली आणि समोर गेली. मी कंस तसेच उघडे टाकून बसून राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे वेदात आहे तरी का? नसेल तर पाटीच खोटी! मी त्या गोष्टीच्या मागेच लागले. शाळेच्या लायब्ररीत, ओळखीच्या प्राध्यापकांकडे, जिथे मिळेल तिथे विचारलं. एवढं कळलं की ती सगळी सूत्रं एका संन्याशाने विसाव्या शतकात लिहिलेल्या पुस्तकात आहेत. अथर्ववेदाच्या परिशिष्टात आहेत असं म्हणतात, पण तसलं परिशिष्ट कुणी पाहिलेलं नाही, आणि शोधायला गेलेल्या जाणकारांना सापडलेलं नाही. मला इतका आनंद झाला की त्या रविवारी मी पुरणपोळ्या केल्या. पण मला पक्कं हवं होतं. प्राध्यापकांचं काय, ते सगळ्यालाच नाही म्हणतात. मला वेद म्हणणाऱ्याच्या तोंडून ‘नाही’ ऐकायचं होतं.

कल्याणला पारनाक्याकडे आमच्या माहेरचे गुरुजी राहायचे. वयाने खूप झालेले, दशग्रंथी, आमच्या घरची सगळी कार्यं त्यांनीच केलेली. मी गेले तेव्हा ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

“काय गं पोरी, माहेरी आलीस?”

“नाही गुरुजी, तुमच्याकडेच आले. एक विचारायचंय. वेदात गुणाकाराची सूत्रं आहेत?”

त्यांनी अडकित्ता थांबवला. सूत्रं ऐकव म्हणाले. मी लिहून नेलेली वाचली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, माझा एक उच्चार दुरुस्त केला, आणि म्हणाले, “मी जे पाठ केलंय त्यात हे नाही. आम्ही यजुर्वेदी. अथर्ववेद म्हणणारे आपल्याकडे कुणी नाहीत, तेव्हा त्याचं मी छातीठोक सांगणार नाही. पण ही भाषा वेदाची वाटत नाही मला. वेदाला असतात तसे स्वरही नाहीत. कुणीतरी शहाण्या माणसाने रचलेली आहेत, चांगली आहेत.”

“म्हणजे वेदात गणित नाही!”

“असं कुठे म्हटलं मी? यज्ञाची वेदी आखायची तर दोरीने मापं घ्यावी लागतात. चौकोनाएवढा दुसरा चौकोन, त्याच्या दुप्पट चौकोन, हे सगळं शुल्बसूत्रांत आहे. जुनं आहे, खरं आहे. आणि आमचं पाठांतर घे.” मग त्यांनी बोटं उघडली. “एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. शब्द असे उलटसुलट म्हणायचे. एखादा शब्द जागेवरून हलला की लगेच खटकतं. तेही गणितच आहे, फक्त त्याचे वर्ग निघत नाहीत.”

मी उठायला लागले तसे म्हणाले, “पण तुला हे कशाला हवं होतं? ‘नाही’ ऐकायलाच आली होतीस ना?”

मी काहीतरी गोलमाल बोलले, नमस्कार केला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मला त्यांचा रागच आला. विचारलं तेवढं सांगावं ना माणसाने.

घरी आले ती थेट समोरच्या दारात. जाऊ पाटीवरची धूळ पुसत होती. मी म्हटलं, “तुझं हे गणित वेदात नाही. मी विचारून आलेय. कल्याणला जाऊन.”

मला वाटलं ती चिडेल, रडेल, वाद घालेल. मी सगळे मुद्दे तयार ठेवले होते. ती म्हणाली, “मलाही तेच वाटत होतं हो वहिनी. मी एम.ए. केलंय संस्कृत, ते वेदातलं संस्कृत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. शिबिरात विचारलं तर कुणी धड सांगेना.”

“मग पाटी कशाला लावलीस?”

“सगळे तसंच म्हणतात ना. आणि वैदिक म्हटलं की आया पाठवतात मुलांना.” जरा विचार करून ती म्हणाली, “काय लिहू मग? ‘वहिनींच्या वडिलांचं गणित’ लिहू?”

टोमणा असता तर मी चांगला परत केला असता. पण तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती खरंच विचारत होती. अशा माणसाशी भांडायचं कसं, सांगा मला. “लिही काय लिहायचं ते,” म्हणून मी माझं दार लावून घेतलं. दिवसा आमचं दार कधी लागत नसे.

पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण होता. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी पाच वाजता खाली कंपाउंडमध्ये मुलांचे कार्यक्रम. दरवर्षीप्रमाणे नाच, नाट्यछटा, आणि त्या वर्षी ‘वैदिक गणिताचं प्रात्यक्षिक’. फळा हवा म्हणून सोसायटीची पोरं आली आणि माझ्या शिकवणीचा फळा उचलून घेऊन गेली. माझा फळा! मला विचारलं, नाही असं नाही. पण नाही म्हणायची सोय ठेवून विचारलं नव्हतं.

जाऊ नारायण पेठ नेसून माइकसमोर उभी. मी दुसऱ्या रांगेत, प्रसादाचा द्रोण मांडीवर. ती म्हणाली, “हे आपल्या पूर्वजांचं हजारो वर्षांचं ज्ञान आहे.” मी द्रोण इतका आवळला की शिरा बाजूने बाहेर आला. माझ्यासमोर कबूल केलेलं की नाही वेदात! माइक हातात आला की वेद परत आले. शेजारी मिस्टर बसले होते, मी त्यांना कोपर मारलं. ते म्हणाले, “ऐक ना जरा, छान बोलतेय.”

मग तिने माझ्या मुलीला फळ्याजवळ बोलावलं. नवा फ्रॉक, दोन वेण्या, हातात खडू. जाऊ म्हणाली, “मोठ्यांनी कुठलेही आकडे द्या. शंभराच्या जवळचे, हजाराच्या जवळचे.” लोक द्यायला लागले आणि पोरगी धडाधड करायला लागली. एकही चुकलं नाही. बायका माझ्याकडे वळून वळून बघत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता. आणि त्या अभिमानातच पोटात दुखत होतं, कारण प्रत्येक उत्तरानंतर मुलगी वळून बघायची ती काकूकडे. मी समोरच तर बसले होते.

तळमजल्यावरचे एक आजोबा, रिटायर्ड, नातवाचा कॅल्क्युलेटर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. ते म्हणाले, “नऊशे अठ्ठ्याण्णव गुणिले नऊशे सत्त्याण्णव.”

मुलीने फळ्यावर आकडे मांडले. हजाराला दोन कमी, तीन कमी. ९९५. दोन त्रिक सहा. आणि वर्गात घोकलेला नियम, एकच अंक आला तर त्याआधी शून्य. तिने लिहिलं, ९९५०६.

मला एका क्षणात दिसलं. शंभराच्या वेळी एक शून्य, पण हजाराच्या वेळी दोन लागतात. नऊ लाख पंच्याण्णव हजार सहा यायला हवं होतं, आणि पोरगी नव्व्याण्णव हजारांवर थांबली होती.

जाऊला नाही दिसलं. “आता पडताळा,” ती म्हणाली. हा तिच्या वर्गातला आवडता भाग. आकड्यांची बेरीज करत करत एक अंक उरेपर्यंत यायचं, दोन्ही बाजू जुळल्या की उत्तर बरोबर. मुलीने भराभर केलं. वरच्या आकड्यांचे आठ आणि सात, आठ साते छप्पन्न, पाच आणि सहा अकरा, एक आणि एक दोन. खाली नऊ, नऊ, पाच, शून्य, सहा, एकोणतीस, पुन्हा अकरा, पुन्हा दोन. जुळलं! जुळणारच. शून्य एक लिहा, दोन लिहा, दहा लिहा, बेरजेत शून्याला कोण विचारतो? “बरोब्बर!” जाऊ म्हणाली आणि सगळ्या कंपाउंडने टाळ्या वाजवल्या. आजोबा अजून चष्मा पुसून बटणं शोधत होते.

मी उभी राहिले. द्रोण खाली पडला. “उत्तर चूक आहे,” मी म्हटलं.

मी शाळेत पंचावन्न पोरांच्या वर्गात बोलणारी बाई, माझ्या आवाजाला माइक लागत नाही. टाळ्या थांबल्या. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. पहिल्यांदा बघितलं तिने माझ्याकडे, त्या अख्ख्या कार्यक्रमात.

“आई, पडताळा जुळलाय,” ती म्हणाली.

“पडताळ्याला काय करायचंय? हजार गुणिले हजार किती?”

तिचे ओठ हलले. “दहा लाख.”

“मग तुझं उत्तर लाखाच्या आत कसं? आधी अंदाज नको घ्यायला?”

तिला कळलं. ती हुशारच आहे, माझी मुलगी आहे. कान लाल झाले, डस्टर सापडेना म्हणून फ्रॉकच्या घेराने फळा पुसला, आणि दोन शून्यं घालून पुन्हा लिहिलं. तेवढ्यात आजोबांना बटणं सापडली. “बाई बरोबर आहेत,” ते ओरडले. नाहीतरी तेही बोललेच असते. मी दोन मिनिटं आधी बोलले, इतकंच. फळ्यावर चुकीचं उत्तर आणि मी गप्प, हे माझ्याच्याने होणार नाही. मग फळ्याशी कुणीही असो.

जाऊने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि माइक जवळ घेतला. “ही चूक हिची नाही,” ती म्हणाली. “मी शिकवताना हजाराचा नियम पक्का करून घेतला नाही, आणि आत्ता मलाही दिसली नाही. ज्यांना दिसली त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. हिची आई. हे सगळं त्यांना लहानपणापासून येतं, त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं आहे. डोंबिवलीत गणित शिकायचं तर यांच्याकडे शिका.”

आणि लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मघापेक्षा जास्त. मला हवं ते सगळं चारचौघांत, माइकवर, माझ्या वडिलांसकट मिळालं होतं, आणि ते तिने दिलं होतं. तिच्याकडून घ्यायचं नव्हतं हो मला! मी हात जोडले आणि खाली बसले. मिस्टर हळूच म्हणाले, “आता तरी झालं ना समाधान?” मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कार्यक्रम संपला. मी प्रसादाची भांडी आवरून वर निघाले तेव्हा पुढे जिन्यात जाऊ आणि माझी मुलगी माझा फळा दोन टोकांना धरून चढत होत्या. काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. एकदा मुलगी हसली.

फळा माझ्या हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवला. जाऊ म्हणाली, “येते वहिनी,” आणि गेली. मी पदराला हात पुसले, पाट घेतला, समोर टाकला. किती महिन्यांनी टाकत होते! आवाज मुद्दाम खाली आणून म्हटलं, “ये, बस. दोन शून्यं का घालायची ते तुला नीट दाखवते.”

“कळलं मला,” मुलगी म्हणाली. “जिन्यात काकूने सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“की नुसत्या पडताळ्यावर जायचं नाही. आधी अंदाज घ्यायचा. हजार गुणिले हजार दहा लाख, मग उत्तर त्याच्या जवळपासच यायला पाहिजे.”

“अगं, ते मी सांगितलं!” माझा आवाज परत चढला. “खाली, आत्ता, मी सांगितलं ना ते!”

“हो, पण तू सगळ्यांसमोर सांगितलंस,” ती म्हणाली. “काकूने मला एकटीला सांगितलं.”